खोटी फेरी

१

दर मंगळवारी सकाळी साडेदहाला सर त्या खोलीत जाऊन बसत. एकूण आठ मंगळवार यायचं त्यांनी लेखी कबूल केलं होतं, आणि लिहून दिलेला शब्द सरांनी आयुष्यात कधी मोडला नव्हता. अडतीस वर्षं संख्याशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले होते. स्वभाव असा की दाराला कुलूप लावून जिना उतरले तरी परत वर जाऊन एकदा ओढून बघायचे, आणि खाली आल्यावर पुन्हा वाटायचं, आपण नीट ओढलं का?

खोली तळमजल्यावर होती, बिनखिडकीची. भिंतींना करडे फोमचे चौकोन लावलेले, त्यामुळे आत पाऊल टाकलं की आपलाच आवाज कुणीतरी खिशात घातल्यासारखा व्हायचा. मधोमध दातांच्या दवाखान्यात असते तशी खुर्ची. त्यात बसल्यावर मांडीवर एक उशी यायची आणि तिच्यावर उजवा हात पालथा ठेवायचा. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या स्नायूवर दोन चिकटपट्ट्या, त्यांतून निघालेल्या तारा. डोक्याला घट्ट कापडी टोपी, तिच्यावर डाव्या बाजूला पेनाने केलेली खूण. त्या खुणेवर संशोधन करणारी डॉक्टर आपली कॉइल टेकवायची. दोन काळ्या कड्या एकमेकींना चिकटवाव्यात तशी, जाड चष्म्यासारखी वस्तू. तिच्यातून क्षणभर चुंबकाचा झटका जायचा, लाकडी पट्टी बाकावर आपटावी तसा 'टक्' आवाज व्हायचा आणि उशीवर सरांचं बोट आपोआप उडायचं.

"म्हातारपणी मेंदूतला हात हलवणारा भाग कसा बदलतो, ते बघायचंय," पहिल्या दिवशी तिने सांगितलं होतं. "सोपं करून सांगू का सर? बोट हलावं म्हणून किती मोठ्याने हाक मारावी लागते, ते मोजायचं. दहा हाकांपैकी पाचांना बोटाने ओ दिली की तो आकडा म्हणजे तुमचा उंबरठा."

"आणि कान गेलेला असला तर?"

"तर आवाज वाढवायचा," ती हसून म्हणाली. यंत्राचा आवाज शंभरापर्यंत वाढायचा. सरांचा उंबरठा अठ्ठेचाळीस निघाला. वयाच्या मानाने उत्तम.

प्रत्येक भेटीत दोन फेऱ्या. एक खरी, एक खोटी. खोट्या फेरीची कॉइल दिसायला आणि वाजायला हुबेहूब, पण तिच्यातून काहीच जात नसे. नुसत्या आवाजाने म्हातारं बोट किती दचकतं तेही मोजायचं आणि मग वजा करायचं. दोन्ही फेऱ्यांत चाळीस-चाळीस 'टक्'. आधी कुठली, ते बंद पाकिटात. पण सरांना लगेच कळायचं. खोट्या फेरीत उशीवरचं बोट स्वस्थ पडून राहायचं.

सर तिथे विज्ञानासाठी जात नव्हते. ते जात होते बायकोसाठी.

२

पक्षाघाताच्या पहिल्या झटक्याने तिची डावी बाजू नेली होती आणि दुसऱ्याने उजवी. वाचाही गेली. उरले डोळे. एकदा मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही. एवढ्यावर गेले पाच महिने दोघांचा संसार चालला होता. चव्वेचाळीस वर्षं भांडून झाल्यावर हे संभाषण तसं फार शांत होतं, आणि ती शांतता सरांना खायला उठायची.

पुनर्वसनाच्या इस्पितळाने स्पष्ट सांगितलं होतं. आमचे तज्ज्ञ घरी येतील, अमुक तारखेला, सकाळी अकराला. कुठल्याही एका हाताची सांगितल्याबरोबर केलेली हालचाल दिसली, एक बोट का होईना, तर आम्ही दाखल करून घेऊ. नाही दिसली तर खाट दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल. तारीख आठव्या मंगळवारची होती.

लेक दुसऱ्या शहरातून रोज संध्याकाळी फोन करायची. पलंगाच्या उजवीकडे स्टुलावर जुना फोन होता. बायको धडधाकट असताना त्याच्यावर तासन्‌तास बोलायची, म्हणून तो तिथे हाताशी ठेवलेला आणि मग कुणी हलवलाच नाही. मावशी, म्हणजे तिची सेवा करायला ठेवलेली बाई, रिसीव्हर आजींच्या कानाला लावून धरायची. मग सरांची पाळी.

"बाबा, मी त्या शुश्रूषेच्या संस्थेत आईचं नाव घालून ठेवलंय. नुसतं घालून ठेवलंय."

"मी बघून आलोय ती संस्था. सगळ्या खाटा भिंतीकडे तोंड करून आहेत."

"तुम्ही सत्याहत्तर वर्षांचे आहात, बाबा. उद्या तुम्हालाच उचलायची वेळ आली तर?"

डॉक्टरला सरांनी दोनदा विचारून पाहिलं होतं, की एकदाच, फक्त एकदा, ती कॉइल माझ्या बायकोच्या डोक्याला लावून बघाल का? आतून काही ओ येते का बघाल? तिने हात जोडले होते. झटका आलेल्या माणसाला लावता येत नाही, सर, जिवावर बेतेल. पण सरांनी मंगळवार चुकवला नाही. आज नाही तर उद्या डॉक्टरचं मन पाघळेल, एवढीच आशा.

तिसऱ्या मंगळवारी दुपारी ते घरी आले, तर मावशी दारातच उभ्या.

"आजोबा, आजींचं बोट हललं."

सरांच्या हातातली किल्ली खाली पडली. "कधी?"

"सव्वाअकरा झाले असतील. उजवं, अंगठ्याजवळचं. टुणकन उडालं, मग थांबलं, मग परत उडालं. धा मिन्टं चाललं होतं. मी डोळे चोळून चोळून बघितलं."

सर पलंगापाशी गेले. हात चादरीवर होता तसाच होता, धुऊन वाळत घातलेल्या मोज्यासारखा. आनंद व्हायला हवा होता. पण सव्वाअकरा म्हटल्यावर त्यांनी मनात वेळ जुळवून पाहिली. सव्वाअकराला ते खुर्चीत होते आणि खोटी फेरी चालू होती.

३

योगायोगाला योगायोग म्हणावं, हे त्यांनी हजारो मुलांना शिकवलं होतं. माणसाला हवं ते दिसतं, मावशी भाबड्या आहेत, आपण घायकुतीला आलेलो आहोत. तीन कारणं पुरेशी होती. तरी चौथ्या मंगळवारी निघताना ते म्हणाले, "मावशी, आज हललं तर वेळ लिहून ठेवाल? आणि किती वेळा तेही?"

"लिहीत बसले तर बघणार कधी? काड्या टाकते." मावशींनी काडेपेटी आणि वाटी स्टुलावर फोनशेजारी ठेवली. "एकदा हललं, एक काडी. तुमचं गणित तुम्ही करा."

त्या दिवशी पाकिटातून खोटी फेरी आधी निघाली. सरांनी भिंतीवरचं घड्याळ पाहून ठेवलं. दहा बावन्नला पहिला 'टक्', अकरा दोनला शेवटचा. मग खरी फेरी. तिच्यात आपलं बोट उडताना बघून सरांना उगाच त्याचा राग आला.

घरी वाटीत काड्या होत्या. त्यांनी त्या जेवणाच्या टेबलावर दहा-दहाच्या ओळींत मांडल्या. चार ओळी झाल्या. एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

"पाच कमी अकराला सुरू झालं, अकरा पाचला थांबलं," मावशी म्हणाल्या. "मधे पाणी प्यायलासुद्धा उठले नाही मी."

घरचं घड्याळ तीन मिनिटं पुढे होतं. सरांनी ते तीन वेळा तपासलं. मग मनातल्या मनात तीन वजा केले आणि खुर्चीत बसून राहिले. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. सरांपाशी चाळीस होत्या.

४

पाचव्या मंगळवारी डॉक्टरच्या कपाळाला आठी पडली. "सर, झोप नीट होतेय ना? उंबरठा वाढलाय तुमचा. मागच्या वेळी छप्पन्न होता, आज सदुसष्ट." तिने यंत्र बंद करून परत चालू केलं. मग टोपी स्वतः घातली आणि मदतनीसाला आपल्याच डोक्यावर कॉइल धरायला लावली. तिचं बोट बेचाळीसला उडालं. "यंत्र ठीक आहे. हे एवढं वाढायला वर्षं लागतात. चार आठवड्यांत नाही होत."

सरांना ते घरीच कळलं होतं. सदऱ्याची बटणं उजव्या हाताने लागेनाशी झाली होती. सही करताना पेन बोटांतून निसटून जायचं. हात दुखत नव्हता, कापत नव्हता. फक्त दरवेळी थोडा उशिरा यायचा, दुसऱ्या खोलीतून हाक मारलेल्या माणसासारखा.

घाबरण्याऐवजी सरांनी हिशोब मांडला. माझा उंबरठा चढतोय, तिचं बोट हलतंय. माझ्यातून जे जातंय ते तिच्याकडे पोचतंय. याला शास्त्र नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण शास्त्राने पाच महिन्यांत तिची करंगळीसुद्धा उचलली नव्हती.

"डॉक्टर," ते म्हणाले, "खोटी फेरी दोनदा घेता येईल का?"

ती हसली. "खोटीच द्या म्हणणारे तुम्ही पहिलेच, सर. बाकीच्यांना वाटतं आपल्याला फसवलं."

पण तिने घेतली. त्या दुपारी वाटीत ऐंशी काड्या होत्या.

५

त्या संध्याकाळी सरांनी खुर्ची पलंगाला लावली.

"अगं, तुझं बोट हलतंय. तुला कळतंय ना?"

डोळे एकदा मिटले. हो.

"दोन-तीन आठवड्यांत परीक्षा आहे आपली. पास व्हायचंय. तूच हलवतेस ना ते?"

डोळे मिटले. उघडले. पुन्हा मिटले.

सर थांबले. प्रश्न नीट विचारला गेला नसेल. त्यांनी शब्द सुटे सुटे करून पुन्हा विचारलं. तू. बोट. हलवतेस?

दोनदा. आणि मग, कुणी काही न विचारता, परत दोनदा. परत दोनदा. बुबुळं खाली वळवून ती आपल्याच हाताकडे बघत होती. चादरीवर आलेल्या पालीकडे बघावं तशी.

"आजी नाही म्हणतायत, आजोबा," मावशी दाराशी उभं राहून हळूच म्हणाल्या.

"डोळे कोरडे पडलेत तिचे," सर म्हणाले. "थेंब घाला."

६

सहाव्या मंगळवारनंतर मावशींच्या बोलण्यात एक नवी तक्रार आली. हात ठेवावा तिथे राहत नाही. कमरेशी ठेवला होता, तासाभराने पोटावर होता. पोटावरून उचलून खाली ठेवला, तर दुपारी छातीवर.

"उताराने सरकत असेल."

"आजोबा, उतार वर चढतो का कधी?" मावशींनी टॉवेलची गुंडाळी करून हाताच्या अलीकडे बांध घातला. "आणि बोटं काय करतात ठाऊक आहे? चिमटीत भुकटी धरून झटकावी, तसं करतात."

ती सवय सरांची होती. अडतीस वर्षं फळ्यापाशी उभं राहून खडूची पूड अंगठा आणि तर्जनीने झटकायची सवय. घरी जेवतानासुद्धा ते तसं करायचे आणि ती चिडवायची, "अहो, निवृत्त झालात! आता खडू कसला झटकताय?"

ते तिच्याजवळ जाऊन बसले. दुपारची उन्हं पडद्यातून चादरीवर आली होती. कुठे 'टक्' नव्हता, यंत्र दोन मैलांवर बंद होतं. सर विचारात गढले आणि जुन्या सवयीने त्यांना चिमटी झटकावीशी वाटली. मांडीवर त्यांची बोटं निपचित राहिली.

पलंगावरची झटकली.

सरांनी मनातल्या मनात म्हटलं, परत. पलंगावरची बोटं परत झटकली. एक वेडा, भाबडा आनंद त्यांच्या अंगातून गेला. म्हणजे परीक्षेत पास होता येईल! म्हणजे ती भिंतीकडे तोंड करून पडणार नाही! मग ते म्हणाले, पुरे. आता थांब.

बोटं थांबली नाहीत.

पुरे, सर मोठ्याने म्हणाले. बोटं झटकत राहिली, घाई नसल्यासारखी, आणि हात टॉवेलच्या बांधावर चढू लागला. सरांनी डाव्या हाताने तो धरला आणि खाली ठेवला. त्यांच्या स्वतःच्या उजव्या मनगटावर, जिथे कुणीच धरलं नव्हतं, तिथे त्यांना पकड जाणवली.

तिच्या डोळ्यांकडे त्यांनी बघितलं नाही. बघितलं असतं तर उत्तर वाचावं लागलं असतं.

७

सातव्या मंगळवारी यंत्र शंभरावर नेलं, तरी उशीवरचं बोट उडालं नाही. डॉक्टरने कॉइल खाली ठेवली आणि ती सरांसमोर स्टूल ओढून बसली.

"सर, मी तुम्हाला अभ्यासातून कमी करतेय. आणि आज आत्ता मेंदूच्या तज्ज्ञांकडे चिठ्ठी देतेय. हा हात मला बरा दिसत नाही."

"एक मंगळवार राहिलाय."

"नाही, सर."

"खरी नका घेऊ. खोटीच घ्या. फक्त खोटी, तीन फेऱ्या, अकरा वाजता." ज्याने जन्मात कुणापुढे मान तुकवली नाही, तो म्हातारा टोपीच्या नाड्या तशाच लोंबत असताना हात जोडायला गेला, आणि डावाच हात वर आला. "खोटीने काय होणार आहे, पोरी? तिच्यातून काही जात नाही, तूच म्हणालीस ना? तुझ्या आजोबांनी मागितलं असतं तर नाही म्हणाली असतीस?"

तिने त्या उरलेल्या हाताकडे पाहिलं. "बायकोसाठी करताय ना तुम्ही हे काहीतरी?"

सरांनी टोपी डाव्या हाताने काढून मांडीवर ठेवली.

"खोटीने काही होत नाही," ती शेवटी म्हणाली, स्वतःलाच सांगितल्यासारखं. "या. पण चिठ्ठी घेऊन आधी दाखवून या."

चिठ्ठी सरांनी पुस्तकात ठेवली. दाखवली नाही.

८

आठव्या मंगळवारच्या आदल्या दिवशीच लेक येऊन राहिली होती. "बाबा, तज्ज्ञ अकराला येणार आणि तुम्ही घराबाहेर? आईची परीक्षा आहे हो!"

"माझीही आहे," सर म्हणाले आणि निघाले. निघताना त्यांनी मागे वळून पाहिलं. बायको डोळे मिटत होती. दोनदा, मग दोनदा, मग दोनदा.

अकराला पहिला 'टक्' झाला. एकशे वीस झाले, तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. डॉक्टरने कॉइल अडकवली, टोपी काढली, यंत्राचं बटण बंद केलं. पंख्याची घरघर थांबली आणि खोलीत ती जाड, करडी शांतता बसली. दारापाशी कपाटावर ठेवलेला सरांचा मोबाइल थरथरला. तिने तो आणून त्यांच्या डाव्या हातात दिला.

"बाबा! पास!" लेक रडत होती, हसत होती. "तज्ज्ञ म्हणाले बोट वाकवा, तर वाकवलं. परत म्हणाले, परत वाकवलं. मग ते म्हणाले आता थांबा, तरी थांबेना, एवढा उत्साह! सोमवारी दाखल करतायत. मावशी मधेच काहीतरी बडबडायला लागल्या, मी म्हटलं गप्प बसा हो जरा. आई तर सारखी डोळे मिचकावत होती, बाबा. आनंदाने. मी आणि मावशी खाली आलोय, त्यांना गाडीपर्यंत सोडायला."

"तिच्यापाशी कोण आहे?"

"पाच मिनिटांत वर जातो ना," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सर डोळे मिटून मागे टेकले. झालं होतं. हात गेला तर गेला. आपण बरोबर केलं का? हा प्रश्न आला, पण नेहमीसारखा चावला नाही. उजवा हात उशीवर पालथा होता, अभ्र्याचं खरखरीत कापड तळव्याला लागत होतं.

मग ते कापड लागेनासं झालं.

तळव्याखाली काहीतरी मऊ आणि ऊबदार आलं. आधी एक उंचवटा, हनुवटीसारखा. मग ओलसर काहीतरी, कोरड्या पडलेल्या कडा असलेलं. मग तळव्याच्या मध्यावर वाफ आली आणि गेली. आली आणि गेली. आली, भराभर.

सरांनी डोळे उघडले. हात उशीवर होता. हलत नव्हता. खाली अभ्रा होता.

"थांबवा," ते ओरडले. "डॉक्टर, थांबवा ते!"

"सर, यंत्र केव्हाच बंद केलंय." ती धावत आली. "काय होतंय? कुठे होतंय?"

त्यांनी हात उचलायचा प्रयत्न केला. सगळं आयुष्य त्या एका हुकमात घालून पाहिलं, उचल, अरे उचल. उशीवर काही झालं नाही. तळव्याखालची वाफ आणखी भराभर येऊ लागली. डाव्या अंगठ्याने त्यांनी लेकीचा नंबर लावला. लागला नाही, लिफ्टमध्ये असेल. मग घरचा लावला.

घंटा वाजू लागली. एक. दोन. तिसऱ्या घंटेला तळवा थांबला. ऐकत असल्यासारखा.

ऊब दूर झाली. तळव्याला नुसती हवा लागली, आणि मग बोटांत काहीतरी गार, गुळगुळीत, वाकडं आलं. फोनची घंटा तुटली. पलीकडे कुणीतरी रिसीव्हर उचलला होता.

सरांना ऐकू येत होता तो तिचा श्वास. धापा टाकत, तुटत तुटत. जिवंत होती. ते रडू लागले.

"अगं," ते म्हणाले, "ऐक. मी येतोय. मी आत्ता येतोय. सांग मला, हे तूच उचललंस ना? तूच आहेस ना ती?"

श्वास चालू होता. मग रिसीव्हरवर नख वाजलं.

टक्.

सरांच्या तर्जनीच्या टोकाला ते लागलं. त्यांनी श्वास रोखला. एवढंच राहू दे, एवढंच, पुढे नको.

टक्.

मग बोटांतली ती गार वस्तू सुटली. फोनमध्ये काहीतरी स्टुलावरून घरंगळत जमिनीवर आपटलं, काड्यांची वाटी असावी. डॉक्टर त्यांच्या खांद्याला धरून काहीतरी विचारत होती. सरांचं लक्ष उशीवरच्या हाताकडे होतं. तो अगदी स्वस्थ होता, एखाद्या म्हाताऱ्या, निरुपद्रवी माणसाच्या हातासारखा, आणि त्याच्या तळव्याखाली पुन्हा ती ऊब येत होती. या वेळी हात पुरता टेकला होता.